उस्मान सरांची पोच

उस्मान सरांची टायपिंग इन्स्टिट्यूट दर्यापूरच्या कोर्टासमोरच्या बोळात होती, पिठाच्या गिरणीच्या माडीवर. खाली गिरणी सुरू झाली की वर बाराही मशिनी थरथरायच्या आणि पोरं म्हणायची, "सर, मशीन आपोआप टाइप करून राहिली." सर हसत नसत. टायपिंगच्या बाबतीत त्यांना विनोद चालत नसे. पंचवीस-तीस वर्षांत किती पोरापोरींची बोटं वळवली हे त्यांनी कधी मोजलं नाही, पण तालुक्यातल्या कुठल्याही कचेरीत गेलं की एखादा तरी टंकलेखक मान वर करून "सर, तुमी?" म्हणत खुर्ची सोडायचा.

बोटं काय, कुणीही वळवतं. सरांचं खरं वेड होतं पत्राचं. मायना कसा लिहावा, विषय एका ओळीत कसा बसवावा, नकार द्यायचा तर समोरच्याला मान खाली घालायला न लावता कसा द्यावा, हे सगळं ते शिकवत, आणि त्यातलं काहीही परीक्षेला नव्हतं. परीक्षेला लागायचे मिनिटाला तीस शब्द. सर मात्र तीसचा वेग आलेल्या पोरालाही नीट पत्र जमेपर्यंत फॉर्म भरू देत नसत. बाप भांडायला यायचे. सर त्यांना पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "भाऊ, भांडन लेखी द्या." बहुतेक बाप तिथूनच जिना उतरायचे.

त्यांचे तीन कायदे होते, भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने लिहिलेले. जे तोंडाने सांगता येत नाही ते कागदावर सांगावं. पत्राची पोच आली की मग तगादा लावू नये. आणि पत्रातली गोष्ट रस्त्यावर बोलू नये. पोरं मागे नक्कल करायची, पण जन्मभर पाळायचीही. चंदा तर फारच पाळायची.

चंदा ही भगवंतरावांची मुलगी. भगवंतराव कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतला मूठभर कापूस घ्यायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत ओढायचा, आणि धागा किती लांबीचा, माल कुठल्या प्रतीचा, ते तिथल्या तिथे सांगायचं. हंगामात शेपाचशे गाड्या आवारात उभ्या असत आणि सगळ्यांची नजर या माणसाच्या बोटांवर असे. त्यांनी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही, अशी ख्याती होती. संध्याकाळी ते मुलीला न्यायला येत आणि जिन्याखाली उभे राहत. सर माडीवरून म्हणत, "या ना वरती, भगवंतराव." ते म्हणत, "नाई सर, अंगाले सरकी हाये." याला दोस्ती म्हणता यायची नाही, पण एकमेकांचा मान होता. दोघंही बोटांवर जगणारी माणसं.

पुढे दोघांचंही काम गेलं. आधी खरेदी केंद्र बंद पडलं. मग कॉम्प्युटर आले आणि इन्स्टिट्यूटमध्ये एकेक मशीन फडक्याखाली गेली. सन दोन हजार सातमध्ये सरांनी शेवटची फी परत केली, भिंतीवरचे कायदे तसेच ठेवले आणि कुलूप लावलं. सरांचं नशीब बरं. अमरावतीतल्या एका संस्थेने त्यांना बोलावून घेतलं.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. सकाळी पेपर उघडायच्या आधी माणसं पेपरची घडी जरा वेळ तशीच हातात धरायची. कुणाचं नाव असेल, ओळखीचं असेल का. या संस्थेने एक मदत कक्ष काढला होता. ज्यांच्या घरात माणूस खचला आहे त्यांनी कळवावं, संस्थेचा माणूस घरी जाईल, बसेल, बोलेल, डॉक्टरकडे नेईल. एवढंच काम. कळवायचं मात्र पत्राने नाहीतर ईमेलने, कारण फोन लावून अशा गोष्टी कुणी बोलत नाही, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. आता तालुक्याच्या गावात सायबर कॅफे झाले होते. कॅफेवाला टाइप करून द्यायचा. पत्रं येऊ लागली, आणि त्यांना उत्तरं लिहायला उस्मान सर. रोज सकाळी सातची बस धरून दर्यापूरहून अमरावती, संध्याकाळी परत.

कक्षात सरांच्या वरचा माणूस होता नितेश. मोर्शीकडचा, संत्र्याच्या बागायतदाराचा मुलगा, पुण्याला कॉम्प्युटर शिकून मुद्दाम परत आलेला. वय सरांच्या निम्मं. सरांना "सर" म्हणायचा आणि दिवसातून तीनदा त्यांच्याशी वाद घालायचा. वादाचा विषय नेहमी एकच.

झालं असं होतं की कक्षातले बाकीचे चार कर्मचारी ईमेलला जी उत्तरं द्यायचे ती वाचवत नसत. "माहिती अपूर्ण. परत पाठवा." एवढंच. ना नमस्कार, ना नाव. एकाने तर एका बाईच्या पत्राला उत्तर देताना चुकून संस्थेच्या तालुक्यातल्या सगळ्या प्रतिनिधींना प्रत पाठवली. तिच्या घरातली गोष्ट चौदा माणसांनी वाचली. सरांना दोन दिवस जेवण गेलं नाही. ते म्हणाले, "यायले शिकवा लागते. मी शिकवतो. सहा मैने द्या."

नितेश म्हणाला, "सर, तुमी चौघांना शिकवाल. पाचवा येईल तो पुन्हा तसाच. मानूस थकते, चिडते, इसरते. त्यापेक्षा मशीनमधीच घालून ठेवा. नमस्कार नसला तं पत्र जाऊच नोको. सगळ्यायले जात असलं तं मशीननं इचारलं पायजे, नक्की का. अन् पत्र आलं की त्याच मिनिटाला पोच गेली पायजे, आपली वाट न पायता."

"पोच मशीननं द्यावी?"

"काहून नाई? आज पत्र येते, आपण पाच-सहा दिवसांनी उघडतो. तवर त्या मानसाले वाटते, इहिरीत गोटा टाकला."

ते खरं होतं. सर हट्टी होते, पण खोटं बोलून जिंकणारे नव्हते. शेवटी नितेश म्हणाला, "मजकूर तुमी लिहा. तुमच्यासारखं कोन लिहीन?" आणि सर विरघळले. इथे थोडं सरांबद्दल वाईट बोलायला हवं. सर गुणी होते, नेक होते, पण आपल्या पत्रावर त्यांचा भारी जीव. कुणी म्हणालं "सर, तुमच्यासारखं" की त्यांचा विरोध तिथेच संपायचा.

आठ दिवस त्यांनी तो मजकूर लिहिला. बसमध्ये लिहिला, जेवताना लिहिला. बायको शकीला म्हणाली, "इतना तो मेरे लिये निकाह में भी नहीं सोचा था." शेवटी जमलं ते असं.

"सप्रेम नमस्कार. आपले पत्र पोचले. असे पत्र लिहायला बसणे सोपे नसते, हे आम्ही जाणतो. आपण लिहिलेत, हेच मोठे केलेत. आता हे ओझे आपल्या एकट्याचे राहिलेले नाही. आमचा माणूस लवकरच आपल्या घरी येऊन बसेल. तोवर घरात जेवणखाण वेळेवर ठेवावे, आणि ज्यांची काळजी वाटते त्यांना एकटे ठेवू नये. आपला."

खाली नाव नव्हतं. यंत्राला नाव कुठून असणार. पण "हेच मोठे केलेत" हे वाक्य सरांनी वर्गात इतक्यांदा सांगून लिहून घेतलं होतं की दर्यापुरातल्या कुठल्याही जुन्या विद्यार्थ्याला ते हस्ताक्षरासारखं ओळखू आलं असतं. नितेशने मजकूर मशीनमध्ये घातला. पत्र यायचं, आणि पापणी लवायच्या आत हे उत्तर जायचं. लोकांना फार आवडलं. काहींनी या उत्तराला आभाराची पत्रं लिहिली. त्यांनाही हेच उत्तर गेलं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

पत्रं वाढली तशी नितेशने आणखी एक सोय केली. ज्यांनी संस्थेचा छापील अर्ज भरून जोडला आहे त्यांची पत्रं वर राहतील, ज्यांनी नाही जोडला ती वेगळ्या खणात जातील. तो खण शनिवारी सरांनी आणि नितेशने मिळून उघडायचा. सरांना यात काही वावगं दिसलं नाही. पूर्वी प्रत्येक पत्र आधी त्यांच्या नजरेखालून जायचं, आता जात नव्हतं. पण पोच गेली म्हणजे निम्मं काम झालं, असं त्यांनाही वाटू लागलं होतं. शिवाय त्यांना कौतुकाची नवी चटक लागली होती. कॉलेजांतून त्यांना भाषणाला बोलावू लागले, ईमेल कसा लिहावा यावर.

सन दोन हजार नऊच्या ऑगस्टमध्ये अकोल्याच्या एका कॉलेजने सरांना आणि नितेशला एकाच व्यासपीठावर बोलावलं. विषय होता, ईमेलचा शिष्टाचार माणसाने पाळायचा की यंत्राने. शनिवारची दुपार ठरली.

आणि त्याच आठवड्याच्या सोमवारी चंदाचं पत्र कक्षाच्या पत्त्यावर येऊन पडलं. सरांना ते माहीत नव्हतं. वाचणाऱ्याला मात्र आधीच माहीत असलेलं बरं, कारण पुढचे नऊ दिवस सरांनी कसे घालवले ते त्याशिवाय कळणार नाही.

सोमवारी सर भाषणाच्या तयारीत होते. मंगळवारी त्यांनी सदरा शिंप्याकडे टाकला. बुधवारी नितेशशी लुटुपुटीचा वाद घालून पाहिला. गुरुवारी सकाळी ते सातच्या बसला उभे होते, तेव्हा स्टँडवर चंदा दिसली. ती आता कोर्टाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करायची. ती जवळ आली, पदर सारखा करून उभी राहिली.

"कसं काय, चंदा? बाबा बरे आहेत ना?"

चंदाने आजूबाजूला पाहिलं. चहाच्या टपरीवर चार माणसं होती. ती हळूच म्हणाली, "तुमाले तं सगळं माहीतच हाये, सर. तुमच्यामुळं लय आधार वाटला."

बस लागली होती. सरांना वाटलं, पोरगी जुन्या शिकवण्याबद्दल बोलून राहिली. ते खूश होऊन म्हणाले, "अरे, अपना तो काम है बेटा," आणि चढले. खिडकीतून त्यांनी हात केला. तिनेही केला.

शनिवारी अकोल्यात सभागृह भरलं होतं. नितेश चांगला बोलला. माणसाच्या भरवशावर सोडलेली सभ्यता ही उन्हातल्या लोण्यासारखी, असं काहीतरी तो म्हणाला. मग सर उठले. ते म्हणाले, "चूक केल्यावर मानसाले लाज वाटते. मशीनले वाटत नाई. ज्याले लाज नाई त्याच्या हाती आपली अदब देऊ नका." टाळ्या पडल्या. सरांनी नमुना म्हणून आपला तो मजकूर वाचून दाखवला, थांबत, आवाज खाली आणत. पुढच्या रांगेतल्या दोन प्राध्यापिकांनी डोळे पुसले. नितेशने माइक ओढून म्हटलं, "पण हे पत्र पाठवते कोन? मशीनच!" सगळं सभागृह हसलं. सरही हसले. दोघांचंही खरं ठरलं, दोघांनाही शाल मिळाली. त्या शनिवारी खण उघडायला कक्षात कुणी नव्हतं.

पुढच्या बुधवारी सर स्टँडवर आले तर चहावाले खुशालराव शेगडी न पेटवता बसले होते.

"सर, भगवंतराव गेले. पहाटे."

"गेले म्हंजे?"

खुशालरावांनी नुसतं पाहिलं. त्या वर्षांत गावाला हे पाहणं पाठ झालं होतं. यापुढचं कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही. मग खुशालराव आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आठ-नऊ दिसापासून तं बरे दिसत होते. रोज दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसत. मी इचारलं, काहो भगवंतराव, पावने येऊन राहिले का? तं म्हने, हो, अमरावतीहून येनार हायेत."

सर बसमध्ये बसले ते मातीला परत येऊ असं ठरवून, फक्त कक्षात रजेचा अर्ज टाकायला. वलगावच्या पुढे कुठेतरी त्यांच्या मनात चंदाचं वाक्य वर आलं. तुमाले तं सगळं माहीतच हाये. त्यांना एकदम घाम फुटला. अमरावतीहून कोण येणार होतं? शेजारच्या माणसाने विचारलं, "चाचा, तब्येत ठीक है ना?"

कक्षात पोचल्यावर त्यांनी चप्पलही काढली नाही. नितेशला म्हणाले, "तो खण उघड." नितेशने उघडला. एकसष्ट पत्रं होती. चंदाचं सव्विसावं.

पत्र अगदी सरांनी शिकवलं होतं तसं होतं. विषय एका ओळीत. वडिलांशी बोलण्यासाठी माणूस पाठविण्याबाबत. खाली लिहिलं होतं, "माझे वडील कापूस केंद्रावर ग्रेडर होते. केंद्र बंद झाल्यापासून ते घरीच आहेत. दोन महिन्यांपासून एक वेळच जेवतात. गादीची शिवण उसवून त्यातला कापूस ओढत बसतात आणि धाग्याची लांबी सांगतात. आम्ही कुणी ऐकले नाही तरी सांगतात. आई घाबरली आहे. आपल्याकडून कुणी येऊन त्यांच्याशी कापसाबद्दल दोन शब्द बोलले तरी पुष्कळ होईल. संस्थेची जीप गल्लीत आणू नये, ही विनंती. सोबत: काही नाही."

त्याच्या खाली, त्याच मिनिटाला गेलेली पोच. आमचा माणूस लवकरच आपल्या घरी येऊन बसेल. तोवर घरात जेवणखाण वेळेवर ठेवावे.

सरांनी ते दोनदा वाचलं. मग टेबलावर डोकं ठेवून ते रडले. ज्या माणसाला कुणी कधी सैल सदऱ्यात पाहिलं नव्हतं तो माणूस कक्षातल्या चार कारकुनांसमोर हुंदके देत होता आणि कुणाला कळत नव्हतं की जवळ जावं की न जावं.

"मी रोज त्या गल्लीच्या तोंडावरून स्टँडवर जातो," ते म्हणाले. "रोज. तीनशे पावलं हाये घर."

नितेश पांढराफटक पडला होता. तरुण होता, घाबरला की तोंड चालायचं. "सर, मशीननं तं आपलं काम बरोबर केलं. अर्ज जोडला नव्हता, म्हनून खणात गेलं. शनिवारी आपन..." मग तो थांबला. शनिवारी आपण कुठे होतो ते त्यालाही आठवलं. तो म्हणाला, "मी पोच साधी ठेवनार होतो सर. 'पत्र मिळालं', एवढीच. तुमीच म्हटलं, ती कोरडी वाटते."

हे त्याने टोचायला म्हटलं नव्हतं. पण ते सरांना बसलं. कोरडी पोच आली असती तर चंदाला कळलं असतं की हे कचेरीचं काम आहे, अजून कुणी वाचलेलं नाही. तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं असतं, दार ठोठावलं असतं. शब्द इतके ओले होते म्हणून ती गप्प बसली. सरांनी त्या दिवशी नितेशकडून पोच बदलून घेतली. आता तिच्यात दोनच वाक्यं होती. हे उत्तर यंत्राने पाठवले आहे. आपले पत्र अजून कुणीही वाचलेले नाही. मग ते बाकीची साठ पत्रं वाचत बसले. एकेका घरी नितेशला आणि इतरांना त्याच दुपारी धाडलं. माती चुकली. ती मुद्दाम चुकवली की खरंच वेळ झाला नाही, हे सरांना पुढेही नीट सांगता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी ते चंदाच्या घरी गेले. शकीला म्हणाली होती, मी येते सोबत. ते नको म्हणाले.

मैनाबाई, चंदाची आई, भिंतीशी बसली होती. सरांना पाहून तिने पदर डोळ्यांवर ओढला. चंदाने सतरंजी टाकली, पाणी आणलं. ओट्यावर एक खुर्ची होती, तिच्यावर कुणी बसत नव्हतं. सर खाली बसले. काय बोलावं हे ते सगळ्या वाटेने जुळवत आले होते. जन्मभर दुसऱ्यांची सांत्वनपत्रं लिहिली होती त्यांनी, दोनशे तरी. त्यातला एक शब्द आठवेना.

चंदाच आधी बोलली. "सर, तुमचं पत्र आलं तवाच मी बाबाले वाचून दाखवलं. आधी रागावले. म्हने, गावभर काहून सांगतं? मंग म्या म्हटलं, गावभर नाई, उस्मान सरायले सांगतलं. आता बोली वळखू येते ना मले तुमची. मंग ते शांत झाले. म्हने, पुन्हा वाच." तिने नाक पुसलं. "त्या दिवशी दोन्ही टाइम जेवले. सर म्हनून राहिले वेळेवर जेवा, तं जेवलं पायजे, म्हने. आईनं गादी शिवून टाकली. नऊ दिवस जेवले सर ते. सकाळी तयार होऊन बसत. सरायच्या समोर ग्रेडरनं कसं बसावं, म्हने."

सरांच्या हातातलं पाणी सांडलं.

"मले वाटे तुमाले आठवन द्यावं. स्टँडवर आली होती मी त्याच्यासाठीच. पन तुमी पत्राची गोष्ट काढली नाई, मंग म्या बी नाई काढली. पोच आली हाये, तगादा कायले. मंगळवारी संध्याकाळी बाबा म्हने, सरायले काम असंन. मोठ्या कामाचा मानूस." तिने सतरंजीचा कोपरा सारखा केला. "मी काई बोलली नाई. मी बोलाले पायजे होतं का सर?"

याच जागी सरांना गप्प राहता आलं असतं. वाटेत त्यांनी तसा विचारही केला होता. काम निघालं, अकोल्याला जावं लागलं, माफ कर बेटा. एवढं म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं. पण तिचा तो प्रश्न तिच्या अंगावर जन्मभर राहिला असता.

"नाई बेटा," ते म्हणाले. "तुझी काहीच चूक नाई. मी तुझं पत्र वाचलंच नव्हतं."

चंदा जरा पुढे सरकून बसली.

"ते मशीननं पाठवलं होतं. कोनाचंबी पत्र आलं की तेच जाते. तुझं पत्र आमच्यातल्या कोनीच उघडलं नव्हतं. परवा उघडलं मी. गेल्यावर."

"पन ते तुमचंच लिहिलेलं होतं."

"हो."

"जेवनाचं? बाबा जेवत नाई म्हनून तुमी लिहिलं होतं ना ते?"

"नाई. ते सगळ्यायलेच लिहिलं होतं."

मैनाबाईने पदर बाजूला केला. तिला यातलं किती समजलं कोण जाणे. चंदाचा चेहरा आधी नुसता कोरा झाला, मग हळूहळू त्याच्यात काहीतरी मोडत गेलं. बाप गेला तेव्हा ती खूप रडली असेल. हे रडणं तसलं नव्हतं. बापाने नऊ दिवस ज्या शब्दांवर घास गिळला ते शब्द त्याच्यासाठी नव्हतेच, हे तिला आता कळत होतं, आणि बापाला सांगायला बाप नव्हता.

"तुमी सांगतलं नसतं तं बरं झालं असतं सर," ती म्हणाली. "तुमी वाचलं अन् आले नाई, एवढंच मले वाटत होतं. तुमच्यावर राग धरून बसली होती मी तीन दिवस. त्याचा तरी आधार होता. आता म्या कोनावर रागवावं?"

"माझ्यावर. माझ्यावरच रागव, बेटा."

"तुमच्यावर कशी रागवू?" चंदा म्हणाली. "तुमाले तं काही माहीतच नव्हतं."

एवढं बोलून ती उठली, सांडलेलं पाणी पुसायला फडकं आणलं, आणि सरांना म्हणाली, "जरा सरका सर."